दरवाजाच्या आत

गाडी आगबोटीतून उतरली ती बंदरावर नाही,
वेंगुर्ल्यासमोर लाटांवर डुलणाऱ्या पडावात.
सहा गाबीत आणि एक दोरखंड.
हे मी पाहिलेलं नाही, माझा जन्म नंतरचा.
पण इनास मिस्त्री सांगायला लागले
की दोर माझ्या तळहाताला काचायचा.

मॉरिस. गोल नाकाची, डॉक्टर वालावलकरांची.
केळूसच्या खाडीला तेव्हा पूल नव्हता.
दोन होड्या बांधून, फळ्या टाकून जंगार करायचे,
त्यावर ती चढायची म्हशीसारखी, नाखुशीनं.
डॉक्टर आतच बसून राहायचे, बॅग मांडीवर.
पलीकडच्या तीरावर कुणीतरी कंदील हलवत असे.

मी मिस्त्रींकडे कामाला लागलो
तेव्हा डॉक्टर नव्हते, आणि गाडीला
माडाच्या झावळांखाली कोंबड्या राहत होत्या.
रॉकेलच्या डब्यात बोल्ट बुडवायचे,
काथ्यानं घासायचे, वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचे:
माझी शाळा ती.
इकडच्या वाऱ्यात मीठ. लोखंड फुगतं,
पापुद्रे सुटतात शिळ्या घावनासारखे.

डावा दरवाजा उघडला एका शनिवारी.
कातडं फाडलं, घोड्याचे केस निघाले मूठभर,
त्याखाली लाकडाची चौकट, कुठलंसं विलायती लाकूड,
वाळवीनं अर्धं खाल्लेलं.
उरलेल्या अर्ध्यावर पेन्सिलीची अक्षरं.

मिस्त्री म्हणाले, "माका इंग्रजी येणा नाय. फादरांक बोलव."
फादर मेनीन आले, चष्मा पुसून वाचलं:
फ्रँक टिबल्स. मंगळवार. पाय दुखतायत.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग फादरांनी सांगितलं, ते तरुणपणी त्या गावावरून गेले होते.
सरकता पट्टा तेव्हा नव्हता कारखान्यात.
गाडीचा सांगाडा माणसंच ढकलायची,
याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून पुढच्याकडे,
एकजण चाक लावी, एकजण दिवा, एकजण दार,
दिवसभर उभं राहून, फरशीवर, थंडीत.
"म्हणजे रापण," मिस्त्री म्हणाले.
"म्हावरा सोडून सगळा तसाच."

लाकूड टाकून द्यायचं होतं. त्यांनी टाकलं नाही.
फणसाची फळी काढली, तीन पावसाळे मुरलेली,
पिवळीधम्मक, वासावर माश्या येतील अशी.
चौकट नवी केली, आणि अक्षरांपुरता तो तुकडा
करवतीनं अलगद सोडवून
तिच्यात खाच मारून बसवला,
हापूसचं कलम बांधतात तसा,
सरस लावून, सुतळी आवळून, रात्रभर.

सकाळी कानावरची पेन्सिल काढली.
फ्रँकच्या खाली, मोडीसारख्या वाकड्या बाळबोधीत:
इनास. रविवार. कंबर.

मग पेन्सिल माझ्यापुढे धरली.
"लिव रे शांबा. तुझा काय दुखता?"

मी बारा वर्षांचा.
विचार केला, खूप केला. बोटं हलवून पाहिली.
मान फिरवली दोन्हीकडे.
शेवटी पेन्सिल परत दिली.
ते हसले नाहीत. काथ्या भरला, कातडं ठोकलं,
बारीक खिळे, एकेक बोटाच्या अंतरावर.

परवा कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं.
नातवानं नेलं. तीच ती, गोल नाक, नवा रंग,
गळ्यात रिबन. पाटीवर लिहिलेलं:
सर्व भाग मूळचे.
दोरीपलीकडून हात घालून
डाव्या दरवाजावर टिचकी मारली.
मृदंगासारखा आवाज आला, खोल, ओला.
फणसच तो.

रखवालदार म्हणाला, आजोबा, हात लावू नका.
मी हात काढला.
खिशात पेन्सिल होती, किराण्याच्या यादीसाठी.
गुडघ्यांवर हात ठेवून बाकावर बसलो थोडा वेळ.