जांभळं निशाण

रास अल खैमा. सकाळचे सहा चाळीस.
समुद्र इस्त्री मारल्यासारखा,
हॉटेलच्या बाजूने नेमकी घडी घातलेला.
मी मनोऱ्यावर. गळ्यात शिट्टी,
छातीवर नावाची पट्टी, तिच्यात आडनाव चुकलेलं :
मेतरचं मीटर.
लोक खरंच विचारतात, किती मीटर?

आधी दिसली ती रेघ.
वारा नसताना पाण्यावर उठलेली,
आणि रेघेच्या टोकाला अंगठ्याएवढा काळा त्रिकोण.
डॉल्फिन असता तर वाकला असता.
हा वाकला नाही.

आईच्या टोपलीत असे कितीतरी पाहिलेत मी,
कापून वेगळे ठेवलेले.
मोरी.
घरात कुणी बाळंत झालं की
दूध यावं म्हणून पहिली हीच शिजायची.
उकळत्या पाण्यात बुडवून
तिच्या कातडीची वाळू खरवडणं, हे काम माझं.
हिला घाबरायचंही असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
ते इथे शिकलो, तीन आठवड्यांच्या कोर्सात,
सर्टिफिकेटसकट.

शिट्टी. तीनदा.
निशाण वर. लाल नव्हे, जांभळं.
नुवान जेट-स्कीवर, रोवेना लाऊडस्पीकरवर,
तिचा आवाज विमानातल्यासारखा गोड :
घाई करू नका, पाणी उडवू नका,
किनाऱ्याकडे या.
मॅनेजरचा फोन : फळ्यावर तो शब्द नको,
"सागरी जीव" लिही.
लिहिलं.
दंडावर नारिंगी फुगे लावलेली एक पोरगी
फळ्यापाशी उभी राहून विचारते,
त्याने नाश्ता केलाय का?
मी म्हटलं, बहुतेक. आमच्या आधी.

माणसं मोजली. एकशे सेहेचाळीस. टॉवेल तेवढेच.
काम संपलं.

आमची हद्द पिवळ्या दोरापर्यंत.
दोरापलीकडे वाळू तीच, पाणी तेच,
मनोरा नाही.
रविवार होता. ऊन चढायच्या आत
लेबर कॅम्पच्या बसमधून उतरलेली पोरं
बनियनसकट कमरेइतक्या पाण्यात,
एकमेकांना बुडवत, हात-पाय आपटत,
करू नये ते सगळं करत.
सहा दिवसांचं सिमेंट असं एका दिवसात निघतं.

करारात दोरापलीकडचं काही लिहिलेलं नाही.
मी धावलो. शौर्य वगैरे काही नाही,
उतार त्या बाजूला होता.

शिट्टी ऐकून त्यांनी हात हलवले.
हिंदीत ओरडलो, शार्क, शार्क!
कुणीतरी सिनेमातल्यासारखं बुडून दाखवलं.
मग तोंडातून आपोआप निघालं,
आई बंदरावर हाक घालायची त्या पट्टीत :
"मोरी इली रे! भायर येवा, भायर!"

पन्नासातलं एक डोकं वळलं.
"केवढी?"
"होडीएवढी!"
"भाव काय?"
असं म्हणत म्हणत तोच पाणी तुडवत निघाला,
दोघांना मानेला धरून, तिसऱ्याला शिवी देऊन,
बंगालीत, पश्तूत, मिळेल त्या भाषेत
सगळा घोळका वाळूवर.
उत्तम केळुसकर, वेंगुर्ल्याचा. परांची बांधतो.
म्हणाला, पाच वर्षं हा शब्द कानावर नव्हता.

तोवर रेघ दोरापर्यंत आली,
दोराखालून गेली.
तिला हद्द दिसली नसावी.

धक्क्यावर जाळं सांधणारे म्हातारे अबू राशिद
डोळे बारीक करून म्हणाले, यर्यूर.
दोन्ही हात पसरून लांबी दाखवली,
मग पाची बोटं जुळवून ओठांशी नेली : जशीद.
वाळवलेलं लिंबू घालून, भातावर.
मीही बोटं ओठांशी नेली.
आमच्यात एवढंच बोलणं झालं.

वहीत लिहिलं : लांबी अंदाजे दोन मीटर,
दिशा उत्तर, जखमी शून्य,
बाहेर काढलेले एकशे सेहेचाळीस.
पलीकडच्यांसाठी रकाना नव्हता.
समासात पेन्सिलीने एक्कावन्न लिहिले,
खोडता येतील असे.

नऊला निशाण उतरवलं.
पहिली पाण्यात गेली ती नारिंगी फुग्यांची.
बस सुटताना केळुसकर खिडकीतून ओरडला,
"मीटर, पुढच्या खेपेक भाव सांग!"