साडेनऊचा खेळ

तिकिटाचे पैसे उत्पलाताईने दिले.
म्हणाली, भावाला पाहायला चाललो, पैसे मीच देणार.
वर्धा रोडच्या मॉलमध्ये एसी इतका
की तिने पदर कानावरून घेतला, आणि समोरून
वीस फुटी शीलभद्र रामटेके चालत आला.

नाक जमलं होतं. गिटारही धरता येत होती पोराला.
पण तो म्हणाला, "काय करतोयस?"
आमचा शील असं जन्मात बोलला नसता.
"काय करून राहिला बे" –
तेवढ्यावरून मला कळायचं
पैसे हवेत, की भूक लागली, की चाल सुचली.

बँडचं नाव त्यांनी तेच ठेवलंय, नवतपा.
गच्ची मात्र काढून टाकली.
गॅरेज दाखवलंय, आत लाल गाडी.
इंदोऱ्यात कोणाच्या बापाकडे गॅरेज होतं?
कुलरचा टप उलटा घालून मी पहिला ठेका धरला
आणि खालून काका ओरडले,
पोट्टेहो, मला उद्या फर्स्ट शिफ्ट आहे.

पडद्यावर तो पितो फार सुंदर.
खिडकीशी, निळ्या उजेडात,
एका फटक्यात आरसा फोडतो.
त्या खोलीत आरसा नव्हता.
तिथे त्यानं माझा स्नेअर आठशेला विकला
आणि दुसऱ्या दिवशी मलाच विचारलं,
तुझा स्नेअर कुठं हाय बे?
तिथे चादरी होत्या. ताई धुवायची,
दोरीवर, रोज, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत.
मी दिग्दर्शिकेला चादरींचं सांगितलं होतं.
तिनं वहीत लिहूनही घेतलं होतं.

मध्यंतरात ताई म्हणाली,
पोट्टा चांगला आहे, पण जेवत नसावा.

मग मे महिना. डांबर पाघळतंय, रस्त्यावर कुत्रं नाही,
आणि ड्रमर सायकल मारत येतो,
घामानं निथळत जिने चढतो,
ओला रुमाल कपाळावर ठेवून
बोटांनी पलंगाच्या लोखंडावर ठेका धरतो
तो श्वास थांबेपर्यंत.
थेटरात नाकं ओढल्याचे आवाज.
मागून कोणीतरी म्हणालं, दोस्त असावा तर असा.

हा सीन माझा आहे.
ती बाई मुंबईहून माझ्या दुकानात आली होती,
मी कुलरला ताट्या ठोकत होतो.
शेवटच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?
हातोडी थांबली नाही. म्हटलं, त्याच्याजवळ.
पुढचं सगळं आपोआप आलं,
रुमाल, पलंग, बोटं.
मे महिना तेवढा तिने घातला.

डिसेंबर होता. अधिवेशन चालू होतं.
बर्डीवर मोर्चा अडवलेला, बांबूचे कठडे,
भोंग्यातून कोणत्या तरी सेविकांच्या मागण्या.
फोन तीनदा वाजला.
तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी चहात टोस्ट बुडवत होतो
आणि टोस्टचा तुकडा तुटून आत पडला,
तो मी चमच्यानं काढला.
ताईला नंतर सांगितलं, रस्ता बंद होता.
बंद होताच. पेपरात फोटो आला होता.
रिंगरोड मोकळा होता.

शेवटी नावं वर सरकली.
विशेष आभार – मोरेश्वर लांजेकर.
लांजेवार आहे मी. कोणाला सांगणार.
झाडूवाला रांगेत आला तरी ताई उठेना,
पॉपकॉर्नचा रिकामा डबा मांडीवर,
त्यावर बोटं,
बोटं हलत नव्हती.

खाली स्कूटर काढली. बारा वाजून गेले होते,
थंडी नव्हती, गरमी नव्हती, काहीच नव्हतं.
ती मागे बसली, पदर खोचला,
खांद्यावर हात ठेवला, नेहमीसारखा.
बर्डीवरून घेऊ का, मी विचारलं.
नको, म्हणाली.
रिंगरोडनं घे.