पाठ

कौसाबाईची पाठ मला पाठ झालीय.
माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग,
बोटानं दाबला तरी पांढरा न होणारा.
खुबा मोडून अकरा दिवस झाले,
लातूरला न्यायचं का, पोरांचं ठरेना.

अंबाजोगाईला आम्हाला शिकवलं होतं:
आधी स्पिरिट, मग पावडर, मग तळहातानं गोल गोल,
लाल दिसेल तिथं जरा जास्त.
परीक्षेत हाच प्रश्न आला होता.
मला दहापैकी नऊ.

मागच्या महिन्यात जिल्ह्याच्या बैठकीत
एक नवी पोरगी चहा फुंकत म्हणाली,
लाल जागा चोळायची नसते, ताई,
आतलं मांस अजून दुखावतं.
कुठं वाचलं तेही तिनं सांगितलं.
मी तळहातावर पेनानं लिहून घेतलं,
अहमदपूर येईपर्यंत एसटीच्या दांडीला पुसून गेलं.

आज रात्रपाळी. तीस खाटा, अडतीस पेशंट,
मी आणि सुभद्रामावशी.
ऑफिसात कॉम्प्युटर आहे, त्याला फुलाफुलांचं झाकण आहे,
पासवर्ड गुट्टे क्लार्ककडे,
आणि गुट्टे सोमवारी.
रेंज जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर,
तीही खिडकीच्या गजाला खांदा लावला तर.

सव्वादोनला खांदा लावला.
पडद्यावर चक्र फिरत राहिलं गोल गोल,
जणू तेही कुणाची पाठ चोळतंय.
मग इंग्रजी आलं.
मला इंग्रजी येतं, औषधाच्या लेबलाएवढं.
सारांश फुकट होता. त्याखाली कुलूप,
कुलपाची किंमत डॉलरमध्ये.
हिशेब केला: धाकट्याची दोन महिन्यांची शिकवणी.

पाच नंबरचा भाऊ जिना चढत आला.
"सिस्टर इथं मोबाईल बघायल्यात,
अन् तिकडं सलाईन संपायलं."
संपतच आलं होतं, खोटं कसं म्हणू.
बाटली बदलून परत आले तर पान गेलेलं.
पुन्हा गज, पुन्हा चक्र.

तीन ओळी हाती लागल्या.
चोळू नका. कूस बदला. हवेची गादी द्या.
आमच्या गादीचं रेक्झीन फाटलंय,
काथ्या बाहेर डोकावतोय,
त्या काथ्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नव्हतं,
निदान कुलपाच्या अलीकडे तरी नव्हतं.

मावशी पावडरचा डबा घेऊन उभी.
माझा तळहात आपोआप वाटीसारखा झाला,
बावीस वर्षांची सवय.
म्हटलं, नको. जराशी कुशीवर घेऊ.
नातवाचं जॅकेट गुंडाळून पाठीशी लावलं.

"आज कामून चोळीनास माय?
तुह्या हातानं लई बरं वाटायचं."

ह्याचं उत्तर सारांशात नव्हतं.
मी तिचा हात घेतला
आणि तोच चोळत बसले थोडा वेळ,
बारा नंबरची हाक येईपर्यंत.

सकाळी बिडवे सिस्टरांनी रजिस्टर उघडलं.
बॅक केअरसमोर टिक नाही.
"कुठं लिहिलंय असं?"
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, मी म्हणाले.
त्या हसल्या नाहीत.
चष्मा लावून खाटेकडे गेल्या,
डाग बोटानं दाबला,
बोट उचलून वाट बघितली.
लालच.

डबा त्यांनी कपाटात ठेवला नाही.
टेबलावर ठेवला,
माझ्या आणि त्यांच्या मधोमध.