समास

शहापुरात, कापडपेठेमागच्या बोळात
आमचं बाइंडिंगचं दुकान. वडलांनंतर मी.
तलाठ्याची रजिस्टरं कन्नडमधली, शाळेची हजेरी मराठीतली,
सुईला दोन्ही सारखीच.

हलग्याच्या नेमगोंडा मगदुमांनी पिशवीतून पोथी काढली,
पणजोबांच्या वेळची. पाठ मोडलेली, कडा कसरीनं खाल्लेल्या.
बाकावर आधीच भरमाण्णा कडोलकर बसलेले,
भूमितीचे रिटायर मास्तर.
चहा यायच्या आतच त्यांनी विचारलं,
"यातलं खरं कशावरून?"

"आप्ताचं वचन आहे. ज्याला राग नाही, लोभ नाही,
तो खोटं कशाला सांगेल?"

"आणि राग-लोभ नाही हे कुणी सांगितलं?"

मगदुमांनी हात पोथीवर ठेवला.

मास्तरांनी बाकावरच्या धुळीत बोटानं वर्तुळ काढलं.
"आप्त म्हणजे नातलगच की हो.
नातलगाच्या साक्षीला कोर्टात कोण विचारतंय?"

"तुम्ही तरी पहिलं वाक्य कुठं सिद्ध करता?
'गृहीत धरा' म्हणता, पोरं धरतात."

"उघड धरतो. फळ्यावर लिहून.
उद्या कुणी दुसरं धरलं तर दुसरी भूमिती, भांडण नाही."

"आम्हीही 'कथंचित' म्हणतोच की मास्तर.
एका बाजूनं बघितलं तर असं."

"मग ते कथंचित पोथीलाही लावा!"

मगदूम बशीतला चहा बघत राहिले.

मी खाली मान घालून शिवत होते.
दोरा ज्या भोकातून निघतो तिथंच परत येतो, मग गाठ बसते.
मास्तर याला दोष म्हणतील.
माझ्याकडे तो नसला तर पानं रस्त्यावर.
पण शिवलं म्हणून खरं, असंही नाही.
एकाच गावाची दोन नावं
मी दोन रजिस्टरांत शिवलीत. दोन्हींवर शिक्का.

चाळिसावं पान सुटं करताना समासात बारीक अक्षर दिसलं.
लिपी कन्नड, भाषा आमची.
मी मोठ्यानं वाचलं:
"इथवर वाचलं. आई गेली. पुढचं मग."

तारीख नव्हती. मगदुमांना अक्षर ओळखेना.

मास्तरांनी चष्मा पुसला. पोथी दाराकडे, उजेडाला धरली.
पुढचं पान. त्याच्या पुढचं.
खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा तेलकट डाग.
ते शेवटापर्यंत मोजत गेले, ओठ हलवत,
पेपरातले मार्क मोजावेत तसे.

"परत आलंय माणूस," म्हणाले. "एवढं सिद्ध होतंय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं नाही होत."

"डाग दुसऱ्या कुणाचे असले तर?"
हे मी विचारलं.
दोघांनी माझ्याकडे असं बघितलं,
जशी काय मीच कसर.

"तर दुसरं कुणी आलंय," मास्तर म्हणाले, बऱ्याच वेळानं.

शिवून झालं की तिन्ही बाजू कापायच्या, वडलांची शिस्त.
पातं खाली आणणार तोच मगदूम म्हणाले,
"समास राहू दे."
"राहू दे की," मास्तर.

वेडीवाकडी कड तशीच ठेवून
मी पोथी दाबात घातली, चक्र आवळलं.
बाहेर चहाचे पैसे कुणी द्यायचे
यावरून दोघांचं परत सुरू झालं होतं.