मूळ राहू द्या

ग्युमरीत जानेवारीला नळाचं पाणीही हट्टाला पेटतं.
किटली दुसऱ्यांदा चढवली.
आराक्सी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलीय,
गळ्याभोवती माझ्याच दुकानातला पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल,
नजर खिडकीबाहेर, काळ्या दगडाच्या भिंतीवर.

चव्वेचाळीस वर्षं मी या गावाच्या दाढ्या केल्या.
नवरदेवांच्या, फौजेत निघालेल्या पोरांच्या,
भूकंपानंतर तंबूत, थंड पाण्यानं,
तेव्हा कुणी बोलत नसे, मीही नाही.
आणि माझ्याच घरातली एक हनुवटी
पंधरा वर्षं मफलरच्या आत राहिली
ती मला दिसली नाही.

खोटं कशाला बोलू, दिसली होती.
न्हाव्याच्या नजरेतून केस सुटत नाही.
मी आरशाकडे पाठ केली, एवढंच.

रोज पहाटे बाथरूमची कडी लागायची.
आवाज झाकायला नळ सोडलेला,
तरी नळाच्या खालून चिमटा ऐकू यायचा.
आईनं दोरा धरून पाहिला,
साखर-लिंबाचा पाक लावून ओढून पाहिलं,
शेजारच्या सातेनिकनं अक्रोडाच्या सालीचा लेप आणून दिला.
केस जायचे, यायचे.
डाग मात्र वस्तीला राहिले.

येरेवानच्या डॉक्टरीणबाईंनी मग कागद दिला:
दोरा नको, चिमटा नको, मेण नको.
सहा आठवडे मूळ राहू द्या.
आदल्या दिवशी फक्त वस्तरा.
वरचं काढा, आतलं ठेवा,
उजेड केसाच्या काळेपणावर पाय टेकत खाली उतरतो;
पायरीच उपटलीत, तर तो जाणार कुठून?

सहा आठवडे ती तशीच शाळेत गेली,
फळ्याकडे तोंड करून नद्या शिकवल्या.
काल रात्री कागद माझ्यापुढे ठेवला.
"पापा, माझा हात थरथरतो."

"वस्तरा लावलास तर दुप्पट येतील,"
हाय्कानुश दारातून.
"टोक बोथट होतं, म्हणून बोटाला राठ लागतं," मी म्हणालो.
"माझ्या वस्तऱ्यानं आजवर कुणाचं अस्वल झालेलं नाही."
आराक्सी हसली. हसताना हनुवटी हलते,
मी पातं वर धरून थांबलो.

फेस कोमट. बोटांनी कातडी ताणली.
केसाच्या कलानं घ्यायचं, उलटं नाही,
उद्या यंत्राखाली जायचंय, ओरखडाही चालणार नाही.
जबड्याखाली चिमट्यानं खणलेला एक खड्डा,
पिकून बरा झालेला, पुन्हा खणलेला.
तिथे मी वस्तरा इतका हळू नेला
की किटली आधी ओरडली.

सवयीनं हात कोलनच्या बाटलीकडे गेला.
"पापा. कागदात लिहिलंय. काही लावायचं नाही."
बाटली ठेवून दिली. तुरटीही.
नुसतं पाणी, नुसता टॉवेल.
चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच
माझ्या खुर्चीतून कुणी बिनवासाचं उठलं.

वास दुसऱ्या दिवशी आला, दवाखान्याच्या बोळात.
दार बंद, आत टिक, टिक,
आणि फटीतून जळक्या केसाचा तोच ओळखीचा दर्प:
गिऱ्हाइकांच्या कानावरची लव मी काडीच्या जाळानं उडवायचो.
बाहेर आली तेव्हा गाल भाजल्या बिटासारखे,
त्यावर थंड पट्टी.
ऊन नको, गरम पाणी नको, मफलर सैल बांधा.

बारा दिवसांनी खुंट आपोआप गळू लागले,
टॉवेलवर मिरीच्या पुडीसारखे.
अजून सात खेपा. बाई शपथेवर काही बोलल्या नाहीत,
रक्ताच्या चाचणीत काहीतरी आहे, थोडे परततील.

ठीक. परतणाऱ्या गिऱ्हाइकावरच माझं घर चाललं.

काल पुन्हा ती खुर्ची खिडकीजवळ ओढून बसली.
बाथरूमचं दार उघडंच होतं.
झाल्यावर आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं,
फेसाच्या कपाखाली पाचशे द्राम सरकवले.
मी घेतले.
गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं.