ओप्पिगे

फॉर्म कानडीत, पाठीमागे इंग्रजी.
मराठी कुठेच नाही, म्हणून मी आहे,
बेळगावातल्या कॉलेज रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
तेवीस वर्षं वाचून दाखवणारी.

सानिका होनगेकर. सोळा वर्षं आठ महिने.
खानापूरच्या बसनं आलेली. आई बाहेर बाकावर,
मांडीवर कुंद्याचा पुडा.
डॉक्टरांना द्यायचा की परत न्यायचा
तिचं ठरत नाहीय.

नाकाच्या मधोमध उंचवटा.
वर्गातली पोरं काय म्हणतात ते सानिका सांगत नाही,
फक्त मोबाइल पुढं करते. "असं पाहिजे."
त्यातली मुलगी कुणाचीच मुलगी नाही,
ॲपनं घासून काढलेली.

ऊठ गे, भिंतीला टेक.
पाच पावलं मागं जाऊन मी फोटो काढते.
बघ, हातभरावरून कॅमेरा नाक फुगवतो,
स्टीलच्या डब्याच्या पोटात दिसतं तसं.
ती दोन्ही फोटो बघते. गप्प.
उंचवटा आहेच. नाही असं मी म्हटलेलं नाही.

मग ओळीओळीनं.
सूज वर्षभर उतरत राहते.
काहींना परत टेबलावर यावं लागतं.
श्वासाला कधी अडथळा राहून जातो.
हाडाची वाढ पुरी झालीय का, ते आधी.
'भूल' हा शब्द मी सावकाश म्हणते,
आपल्यात त्याचा एकच अर्थ नाही.

निपाणीचा एक पोरगा होता, कान पुढं आलेले.
दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा आला
वहीत अकरा प्रश्न लिहून.
त्यानं करून घेतलं. काही महिन्यांनी दाखवायला आला
तेव्हा टोपी इथंच विसरला.
अजून माझ्या ड्रॉवरात आहे.

तळाला सहीची जागा, वर शब्द : ओप्पिगे.
संमती.
नवी होते तेव्हा वाटायचं, आपलंच 'ओपणं' असेल,
डोळे मिटून दुसऱ्याच्या हाती देऊन टाकणं.
नव्हे गे.
आईची सही लागेलच,
पण हा शब्द तिला नाही, तुला विचारतोय.

ती पेन उघडते. बंद करते.
"नाही म्हटलं तर अंगडी मॅडम रागावतील?"
नाही.
"आणि हो म्हणून, आत नेल्यावर नाही म्हटलं तर?"
भूल चढेपर्यंत म्हणता येतं.

हा प्रश्न फॉर्मवर नाही.
समासात पेन्सिलीनं लिहून ठेवते,
मराठीत.

फॉर्मची घडी दप्तरात जाते, कोरीच.
बाहेर दोरा तुटल्याचा आवाज.
मायलेकींनी पुडा तिथंच सोडलाय.