सही जुळत नाही

दिवसभर मी लोकांच्या सह्या बघते.
हॉर्निमन सर्कलच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर,
एसीखाली शाल घेऊन.
स्क्रीनच्या डावीकडे चेक, उजवीकडे नमुना.
जुळली, पुढे. जुळली, पुढे.
स्क्रीनवर सगळ्याच सह्या करड्या.

माहीमच्या एका सोसायटीचे खजिनदार, ग. ना. धुरू.
त्यांचा ‘ग’ सुरुवातीला जाड, मग बारीक,
आणि ‘रू’च्या शेपटाशी पुन्हा भरून आलेला,
जणू मध्येच कुणाशी बोलत थांबले
आणि हात उचलायचा राहिला.
मला राहवेना. खालून मूळ चेक मागवला.
निळी नव्हती. काळीही नव्हती.
शाईपेनवाले आहेत ते, शिपाई म्हणाला,
पण वास नका घेऊ मॅडम, बघतायत सगळे.

म्हणून बोराबाजार.
डबा तसाच टेबलावर, आणि मी
झेरॉक्सवाल्यांच्या गल्लीतल्या कपाटाएवढ्या दुकानात.
मुर्तझाभाईंनी भिंग कपाळावर चढवलं.
म्हटलं, पहिलंच पेन आहे, स्वस्तातलं चालेल.
पेनचं नंतर, म्हणाले, पहिले हात दाखव.
हात दाखवून अवलक्षण ते हेच.
मी उजवा पुढे केला.
त्यांनी निब बुडवून दिली, चिठोरं दिलं,
तेवढ्यात गॅसवाल्याचा फोन. बुकिंग नंबर घ्या मॅडम.
फोन उजव्या हातात,
आणि पेन कधी डाव्यात गेलं
मला कळलंच नाही. त्यांना कळलं.
खोटा हात दाखवला ना तू, म्हणाले.

चाळीस वर्षं तरी झाली.
पाटकर बाई मारायच्या नाहीत.
फक्त माझ्या डाव्या हातात डस्टर द्यायच्या,
तास संपेपर्यंत धरून ठेवायला.
उजवा शिकला बॉलपेनवर.
बॉलपेनला काय, ते कुणाचंही ऐकतं.

मुर्तझाभाई एकेक काढत गेले, लंच टाइम संपून गेला.
जाड निब नको, ओली राहते,
लिहिशील ते तुझाच पंजा पुसत जाईल.
फार बारीक पण नको, तू ढकलणार, ती रुतणार.
खरंच की.
शिरोरेघ सगळे ओढतात.
मला ती ढकलावी लागते.

शेवटी एबोनाइटचं, काळं, मधल्या निबचं,
ड्रॉपरने भरायचं.
हातात घेतलं तर कोमट,
कुणीतरी आत्ताच खाली ठेवल्यासारखं.

शाईवर मात्र मी अडले.
हिरवी साहेबांची. लाल शाळेची.
जांभळ्या रंगात तर वीस वर्षं शिक्के मारतेय.
मोरपिशी देखणी, पण तिचं सुकणं
आपल्या दमट हवेत उद्यावर.
मग त्यांनी फडताळातून लेबल नसलेली बाटली काढली.
लिहिताना निळी, सकाळी बघ, काळी.
लवकर सुकते. डावरीला हीच.
पण पंधरा दिवसांनी पेन धू. आळस केला तर निब खाते.

रात्री ओटा आवरून बसले.
म्हणायला डाव्या हाताचा खेळ.
खेळ कसला, घाम फुटला.
पहिलीतल्या मुलीचं अक्षर,
जिथे सोडलं होतं तिथेच बसून राहिलेलं,
‘क’चं पोट फुगलेलं, काना वाकडा,
रेघ अक्षरांच्या वरून भलतीकडेच निघालेली.
वर्तमानपत्राची अख्खी समास भरली.
मग खाली सही केली. हेमांगी तळवडेकर.
सवयीने शेजारी पासबुक उघडून ठेवलं.
वळण वेगळं. दाब वेगळा.
‘हे’ची मात्रा तर उलट्या बाजूने आलेली.
माझ्या टेबलावर आला असता हा चेक
तर परत पाठवला असता मी,
शिक्का मारून, जांभळा.

पासबुक मिटलं. आणखी एक केली.

सकाळी दूध तापायला ठेवून बघितलं,
दोन्ही सह्या काळ्या झाल्या होत्या.
करंगळीच्या कडेला मात्र
अजून निळंच.